आकृती तीन

१

"माहा नाही म्हनून सांगतलं ना तुले! आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

"मग कोणाचा आहे, आजी? कोणाचा तरी असेलच ना. हात आहे, हवेत थोडी लटकून राहिला!"

"मले काय मालूम? तुह्या त्या कंप्युटरले विचार."

हर्षाने लॅपटॉप आणखी पुढे सरकवला. चहाचा कप लवंडता लवंडता राहिला. कलावतीबाईंनी तो उचलून खिडकीत ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बहात्तर वर्षांच्या बाईने असं तोंड फिरवलं की खुर्सीपारच्या बाजारातला भाजीवाला बाबुलालही वजनात चूक झाल्याचं आपण होऊन कबूल करतो. पण हर्षा त्यांच्या भावाची नात, चरोद्याच्या शाळेत शिक्षिका. तिला त्या तोंडाची सवय होती.

कलावतीबाईंच्या नोंदींवरून दोघींनी लिहिलेला पेपर उद्या संध्याकाळी पाचच्या आत जर्नलकडे जायला हवा होता. सगळं तयार होतं. तक्ते तयार, नकाशा तयार, संदर्भांची यादी तयार. राहिली होती ती आकृती तीन. कलावतीबाईंच्या घरातल्या लहान खोलीत, खिडकीवरच्या त्याच एका कोपऱ्यात, कुंभारीण माशीने दरवर्षी बांधलेलं मातीचं घर. दर वर्षाचा एक फोटो, असे एकोणीस फोटो. हर्षाने ते आज पहिल्यांदा एका पानावर ओळीने लावले आणि मग तिचा हात माऊसवर थांबला तो थांबलाच.

प्रत्येक फोटोत मातीच्या घराला लागून स्टीलची पट्टी होती, माप कळावं म्हणून. आणि प्रत्येक फोटोत पट्टीच्या खालच्या टोकाला ती धरणारी बोटं होती.

"मी एवढंच म्हणून राहिली," हर्षाने आवाज खाली आणला, "की आपण पेपरात लिहिलं आहे, सगळी मोजमापं एकाच निरीक्षकाने, एकटीने केली. पेपरची खरी ताकद तीच आहे. एकोणीस वर्षं, एक नजर, एक हात. आता जिनं पट्टी धरली तिचं नाव आभारात टाकलं की झालं. शेजारची कोणी पोरगी असेल."

"धरलीच नाही कोनं, तं आभार कोनाचे मानू? भिताडाचे?"

"आजी, प्लीज, समझा करो ना."

"मी एकटी होती. वहीत लिहिलं हाय. माही वही खोटं नाही बोलत."

हर्षाने लॅपटॉप तिथेच उघडा ठेवला, पर्स उचलली. चरोद्याला जाणारी लोकल चुकवून चालणार नव्हतं. दारात तिने चपला घालताघालता सांगितलं, "वह्या बघून ठेव. उद्या मी तीनला येते. आणि सकाळी लहान खोलीतल्या घराचा एक साफ फोटो काढून पाठव, यावर्षीचा धुंदला आहे. जर्नलवाले वापस करतील."

भांडण तिथेच अर्धं लोंबकळत राहिलं.

२

कलावतीबाई सातवी पास. त्यानंतरचं सगळं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. मारोतराव, त्यांचे यजमान, पोलादाच्या प्लांटात फिटर होते. सुरक्षेची इंग्रजी पुस्तकं घरी आणायचे आणि उशाखाली ठेवून झोपायचे. ती वाचायच्या कलावतीबाई, शब्दकोश मांडीवर घेऊन. इंग्रजीतला त्यांना आलेला पहिला लांब शब्द 'कन्व्हेयर' हा होता. पुढे कीटकांची पुस्तकं आली. कुठल्याशा प्राध्यापकाला पत्र लिहून त्यांनी त्याची चूक दाखवली होती, आणि त्याने उत्तर दिलं नाही हे त्या अजून सांगत.

पण माशीच मोजायला का घेतली, हे त्या कोणाला सांगत नसत. हर्षालाही अर्धंच सांगितलं होतं.

त्यांच्या सासरी एक समजूत होती. कुंभारणीने घरात माती आणली की लेकरू येणार. आणि लेकराचं बारसं होईपर्यंत तिचं घर फोडायचं नाही. सासूबाई, रुक्माबाई, या बाबतीत दगडासारख्या. एक्क्याऐंशी साली याच क्वार्टरच्या लहान खोलीत कलावतीबाईंना मुलगी झाली. पाळण्याच्या बरोबर वर, खिडकीच्या कोपऱ्यात, कुंभारणीचं घर होतं. वाऱ्याने त्याची माती पोरीच्या डोळ्यांत पडायची. सहाव्या दिवशी कलावतीबाईंनी उलथनं घेतलं आणि घर खरवडून काढलं. आईने दुसरं काय करावं?

नवव्या दिवशी पोरगी गेली. ताप होता. डॉक्टरने तापाचं नाव सांगितलं, कागदावर लिहून दिलं. रुक्माबाईंनी ते वाचलं नाही. मरेपर्यंत वीस-बावीस वर्षं त्या एकच वाक्य बोलत आल्या, "तुह्या हातानं गेली."

सासू वारली आणि कलावतीबाईंनी वही उघडली. मोजायचं, बस. कुंभारीण कधी येते, कुठली माती आणते, प्लांटाकडची लाल की कुरुदच्या तळ्याकडची काळी, किती खोल्या बांधते, त्यातून किती माशा निघतात. एकोणीस वर्षं, सहाशे अकरा घरं. आणि या घरात, शेजारच्या दोन्ही घरांत, एकही पाळणा हलला नाही. रुक्माबाई जिवंत असत्या तर कलावतीबाईंनी तो तक्ता त्यांच्यासमोर धरला असता.

म्हणून वही खरी ठरायला हवी होती. तिच्यातली एक ओळ जरी डळमळली, तरी सासूचं वाक्य पुन्हा घरात येऊन बसणार होतं.

३

दिवेलागणीला त्यांनी वह्या काढल्या. चौदा वह्या, प्रत्येकीला जाड कागदाचं वेष्टण. प्रत्येक नोंदीत सहा रकाने. शेवटचा रकाना 'हजर'. खोलीत त्या वेळी कोण होतं, ते. हा रकाना मारोतरावांनी सुचवला होता. प्लांटात प्रत्येक कामाला हजर माणसांची नोंद असते म्हणून.

लहान खोलीच्या एकोणीस नोंदी. 'हजर'मध्ये एकोणीस वेळा एकच अक्षर होतं. मी.

"झालं तं मग," त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं. मारोतराव जाऊन आठ वर्षं झाली होती.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉपपुढे बसल्या. भ्यायचं कशाला? नीट बघायचं. बघणं हेच तर आयुष्यभर केलं.

आधी वाटलं, आपलाच डावा हात असेल. पण त्यांच्या मनगटापासून बोटांपर्यंत गोंदण होतं, लग्नाआधी आईने काढवलेलं, हिरवट पडलेलं. फोटोतला हात कोरा. शिवाय एका हातात आधी कॅमेरा, पुढे मोबाईल आणि दुसऱ्यात टॉर्च असायचा. तिसरा हात देवाने बाईमाणसाला दिलेला नाही, दिला असता तर स्वयंपाक तरी लवकर आटोपला असता.

मग पट्टी कशी उभी राहायची? एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कसा पडला नाही? पट्टी लागायची, पट्टी असायची. माप घेताना माणूस आकडे बघतो. पट्टीखाली कोण आहे ते कोण बघतं?

पहिला फोटो. पट्टीच्या काठावर चार बोटांची टोकं, तांदळाच्या दाण्याएवढी नखं. पकड अशी की पट्टी आत्ता सुटेल, आत्ता सुटेल. चौथ्या वर्षी बोटं गुबगुबीत. आठव्यात नखांना मेंदीचा रंग, नाही, मेंदी कशाची, ती लाल माती. बाराव्यात बोटं लांब, सडसडीत, नखं कुरतडलेली. परीक्षेच्या दिवसांत पोरी कुरतडतात तशी. शेवटच्या फोटोत भरलेला तरुण हात होता आणि पट्टी कशी सुताच्या रेषेत सरळ.

एकेक फोटो सुटा पाहिला असता तर कळलं नसतं. एका पानावर लावले म्हणून कळलं. हात मोठा होत गेला होता.

एकोणीसही फोटोंत करंगळी आत वळलेली होती. तशी करंगळी मारोतरावांची होती. आणि रुक्माबाईंची.

कलावतीबाईंनी लॅपटॉप मिटला. त्या तशाच बसून राहिल्या, आणि तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. लहान खोलीतून. बारीक, ताणलेला, मधूनच थांबणारा. कुंभारीण ओली माती थापताना असाच गुणगुणते. ओठ मिटून कोणी काम करताना गुणगुणावं तसा.

तक्ता क्रमांक दोन त्यांना पाठ होता. पहिलं बांधकाम फाल्गुनात. एकोणीस वर्षांत त्याआधी कधीच नाही. आत्ता पौष चालू होता. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते.

"पाइपचा असन," त्या म्हणाल्या.

पाइप बंद होता. नळाला पाणी सकाळीच यायचं.

४

सकाळी ऊन अंगणात आल्यावर त्या उठल्या. चहा केला, पण घेतला नाही. घाबरटासारखं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कॉलनीत नाली तुंबली तेव्हा त्यांनी बड्या साहेबाची जीप अडवली होती. आणि ही तर आपल्याच घरातली खोली.

तरी एक गोष्ट त्यांनी ठरवून केली. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्या पुस्तकातून शिकल्या होत्या. म्हणून पट्टी त्यांनी आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, वर उलटं पातेलं घातलं. मोबाईल उजव्या हातात, टॉर्च डाव्यात. नीट बघू या.

लहान खोलीची कडी काढली. खोलीत काही नव्हतं. लोखंडी पेटी, गुंडाळलेली गादी, भिंतीला टेकून ठेवलेले पाळण्याचे दोन दांडे. खिडकीची एक काच वर्षानुवर्षं फुटकी. कुंभारणीसाठीच ती त्यांनी बदलू दिली नव्हती. गुणगुण आत पाय टाकताच थांबली.

कोपऱ्यातल्या जुन्या घराच्या कडेला एक नवी खोली बांधलेली होती. अर्धी. माती ओली, लाल. माशी कुठेच नव्हती.

त्यांनी मोबाईल वर केला. पडद्यावर मातीचं घर आलं, टॉर्चच्या उजेडात ओल चमकली. पट्टी नव्हती. हात नव्हता. एक मिनिट गेलं. दोन गेली. कलावतीबाईंना हसू यायला लागलं. म्हातारपणी काय काय दिसतं! हर्षाने कंप्युटरात काही गडबड केली असेल. आजकाल पोरं फोटोत काहीही घुसवतात. त्यांनी अंगठा बटणावर नेला आणि सवयीने, निव्वळ सवयीने, ओठांतून शब्द गेला.

"धर."

पडद्याच्या उजव्या कडेने पट्टी आत आली.

आली आणि थबकली, नवखं माणूस थबकतं तशी नाही. नेहमीचं माणूस 'कुठे?' विचारतं तशी. मागोमाग बोटं. करंगळी आत वळलेली. पडद्यावरून नजर काढून शेजारी बघायचं एवढंच काम होतं, मान बोटभर वळवायची. जिने जीप अडवली तिला ते जमलं नाही. मान दगड झाली. भिंतीवर त्यांच्या सावलीच्या शेजारचा भाग अकारण काळा दिसला.

केस विंचरल्याचा वास आला. खोबरेल.

किती वेळ गेला कोण जाणे. पट्टी हलली नाही. हात दुखला असेल तिचा, असा विचार कलावतीबाईंच्या मनात आला, आणि त्या विचाराने भीतीला कुठेतरी बाजूला बसवलं. किती वर्षं ही पोर अशी उभी राहत आली? एका शब्दानेही न बोलता?

"जरा वर," त्या म्हणाल्या.

पट्टी वर गेली.

"वाकडी नको. हं. अशी."

पट्टी सरळ झाली. आणि तेव्हा त्यांना आठवलं. दर वर्षी, दर फोटोला, हेच शब्द त्या बोलत आल्या होत्या. धर. जरा वर. वाकडी नको. म्हातारी एकटीच बडबडते म्हणून मारोतराव बाहेरून हसायचे. एकटीने काम करताना माणूस असं बोलतं, असं त्यांनाही वाटायचं. कोणाशी बोलतो आपण, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

फोटो निघाला.

"बस. झालं, माय."

पडदा रिकामा झाला. त्या मागे मागे सरकत दाराबाहेर आल्या, कडी लावली, मग थांबल्या आणि कडी काढून टाकली. स्वयंपाकघरात पातेलं उलटंच होतं. उचललं तर पट्टी खाली होती. पट्टीवर ओल्या लाल मातीचे चार ठसे होते.

५

हर्षा तीनऐवजी सव्वादोनलाच आली. तिचे डोळे जागरणाचे होते.

"मी करून टाकलं, आजी," दारातूनच म्हणाली. "सगळे फोटो खालून कापले. आता फक्त घर आणि पट्टी दिसते. हात नाही, झंझट नाही. 'एकच निरीक्षक' तसंच ठेवलं. आजचा फोटो दे, लावते, आणि पाठवून देऊ."

"जोड."

"काय?"

"कापलेलं जोडून टाक."

हर्षा खाली बसली. "काल तर तूच म्हणून राहिली होती, मी एकटी होती म्हणून!"

"काल मले मालूम नव्हतं."

"आता काय मालूम झालं?"

कलावतीबाईंनी मोबाईल पुढे केला. हर्षाने फोटो पाहिला, मोठा केला, करंगळीपाशी थांबली, आणि मोबाईल पालथा ठेवून दिला. मग एकदम बोलायला लागली, भ्यालेलं माणूस बोलतं तसं, भरभर.

"ऐक माझं. दोन निरीक्षक लिहिले तर ते विचारतील, दोघांच्या मापांत फरक किती, तो कसा तपासला. आपल्याकडे काही नाही. पेपर वापस येईल. तुझी एकोणीस वर्षं, आजी! कापला तर कोणाला काय कळून राहिलं?"

"मले कळून राहिलं ना."

"तू जिद्दी आहेस."

"हाव, हायच. अव, सहाशे अकरा घराइच्या नोंदी मी खऱ्या केल्या. एक रकाना तेवढा खोटा निघाला, एकोणीस खेपा खोटा. तो तसाच धाडू? अन् सासू काय म्हने, मालूम हाय? तुह्या हातानं गेली म्हने. जनमभर आयकलं मी ते. हे हात पाह्य. त्या फोटोतले पाह्य. अन् सांग मले, गेली का?"

हर्षाचे डोळे भरून आले, पण ती शिक्षिका होती, हट्ट तिलाही येत होता. तिने लॅपटॉप उघडला. जर्नलचा फॉर्म समोर होता. वाद घालता घालता साडेचार वाजत आले होते. प्लांटाकडून धुरकट ऊन खिडकीत उतरलं होतं, आणि लहान खोलीचं दार, कडी काढलेलं, हाताएवढं उघडं होतं. आतून गुणगुण येत होती. दोघींनी ऐकली. दोघींपैकी कोणीच पाइपचं नाव काढलं नाही.

"बरं, मानलं," हर्षा शेवटी कुजबुजली. "चलो, मानलं. पण हा फॉर्म बघ. निरीक्षकाच्या पुढे नाव लागतं. नाव रिकामं ठेवलं की फॉर्म पुढेच जात नाही. नवव्या दिवशी गेली ती, तूच सांगितलं. बारसं नाही झालं. जिला नाव नाही तिला मी कशी लिहू, आजी? सांग, कशी लिहू? जगात कुठेच नाही तिचं नाव. हे नाही होऊ शकत, आता तरी सोड."

आतली गुणगुण थांबली. वाट बघत थांबावं तशी.

कलावतीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, नीट, मंगलकार्यात घेतात तसा, आणि दाराच्या त्या फटीकडे बघत, पण हर्षाला म्हणाल्या:

"लिही, मोजनाऱ्या दोघी, कलावती अन् रेणू, बारसं राहून गेलतं पोरीचं, ते आज झालं."